सेल्टिक संघाचा जन्मदिवस कोणता ?

मनुष्याचा जन्मदिवस सांगणें सोपें असतें. संस्थेचा सांगणें तितकें सोपें नाहीं. संस्था काढण्याचें ठरलें तो दिवस तिचा जन्मदिवस मानावा, कीं तिचें काम प्रथम लोकांच्या दृष्टीस पडलें तो मानावा ? स्कॉटलंडांतील ग्लासगो शहराच्या सेल्टिक या विख्यात फुटबॉल-संघाविषयीं हाच प्रश्न उभा राहतो. संघाच्या बोधचिन्हावर १८८८ हें साल आहे. परंतु त्याची स्थापना करणारी सभा १८८७ सालींच भरली होती. यांचा निर्णय करण्यापूर्वीं संघ निघाला कशासाठीं, तें पाहूं.

१८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक रोगानें नासून भयंकर दुष्काळ पडला. हजारों आयरिश कुटुंबें पोटासाठीं ग्लासगोस आलीं. शहराच्या पूर्व भागांत त्यांची वस्ती दाट, मजुरी तुटपुंजी आणि मुलें अर्धपोटीं अशी स्थिति होती. याच भागांतील सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर वॉलफ्रिड हे मारिस्ट मंडळाचे व्रतस्थ शिक्षक होते. त्यांचें मूळ नांव अँड्र्यू केरिन्स. ते आयर्लंडांतील स्लायगो परगण्यांत १८४० सालीं जन्मले, म्हणजे दुष्काळ आला तेव्हां ते पांच वर्षांचे होते. उपाशी मुलाच्या डोक्यांत धडा शिरत नाहीं, हें कोणाहि शिक्षकास सांगावें लागत नाहीं. मुलांना एका पेनींत जेवण मिळावें अशी सोय त्यांनीं केली. पण तीस पैसा पुरेना.

एडिंबरो येथें कॅनन एडवर्ड हॅनन या धर्मगुरूंनीं १८७५ सालीं आयरिश तरुणांचा हिबर्नियन संघ काढला होता. १८८७ च्या फेब्रुवारींत त्यानें स्कॉटिश चषक जिंकला आणि ग्लासगोच्या सेंट मेरी चर्चच्या सभागृहांत त्याचा सत्कार झाला. ग्लासगोकरांनीं यापासून धडा घेतला. त्याच वर्षीं ६ नोव्हेंबर रोजीं सेंट मेरी चर्चच्याच सभागृहांत सेल्टिक संघ रीतसर स्थापन झाला. लगेच भाड्यानें जागा घेण्यांत आली व स्वयंसेवकांनीं खपून मैदान तयार केलें. १८८८ च्या जानेवारींत वर्गणीचें पत्रक निघालें. सेंट मेरी, सेक्रेड हार्ट व सेंट मायकेल या तीन चर्चांच्या हद्दींतील गरजू मुलांच्या जेवणास द्रव्य पुरविणें हा संघाचा मुख्य हेतु त्यांत सांगितला होता. पहिला सामना २८ मे १८८८ रोजीं झाला आणि त्यांत सेल्टिकनें रेंजर्स संघाचा ५-२ असा पराभव केला.

आतां निर्णय कठीण नाहीं. पहिला चेंडू मारला जाण्यापूर्वींच संघास नांव, जागा, वर्गणीदार आणि हेतु हीं सर्व लाभलीं होतीं. म्हणून ६ नोव्हेंबर १८८७ हाच त्याचा जन्मदिवस, असें आम्हांस वाटतें. २८ मे हा त्यानें जगास दर्शन दिल्याचा दिवस होय. संघानें आपला शतसांवत्सरिक हंगाम १९८७-८८ सालीं साजरा केला, त्यांत दोन्ही सालांचा मान राहिला.

परंतु तारखेपेक्षां मोठी एक गोष्ट येथें शिकण्यासारखी आहे. १८९२ सालीं ब्रदर वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली. १८९७ सालीं संघ मर्यादित कंपनी बनला आणि मुलांच्या जेवणाचा मूळ हेतु मागें पडला. पुढें कीर्ति वाढली. १९६७ सालीं सेल्टिकनें युरोपियन चषकहि जिंकला. २००५ सालीं मैदानाबाहेर ब्रदर वॉलफ्रिड यांचा पुतळा उभारण्यांत आला, आणि संघाची धर्मादाय शाखा आज गरजूंस साह्य करीत आहे. स्थापनेचें साल एकदां चिन्हावर घातलें म्हणजे तें पुसत नाहीं. स्थापनेचा हेतु मात्र प्रत्येक पिढीस नव्यानें पाळावा लागतो. आमच्या शाळेच्या मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें.