नवे यंत्र येणार, मग जुन्या मालाचे काय?
व्हिडिओ गेमच्या धंद्यातून कापडवाल्याने घेतलेला धडा

टेंभी नाक्यावरच्या आमच्या दुकानात मागच्या महिन्यात माझा भाचा आला. राहणार कौशाचा, वय बावीस. त्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, शिवणकाम करतात. भाच्याला गेम पार्लर काढायचे आहे. चार टीव्ही, चार प्लेस्टेशन, तासाप्रमाणे भाडे. त्यासाठी मेहुण्यांनी साठवलेले चार लाख रुपये मोडायचे, असा घरात विचार चालला होता. हे पैसे त्यांनी दोन नव्या ओव्हरलॉक मशिनी आणि एका कारागिराच्या पगारासाठी बाजूला ठेवले होते.

भाचा म्हणाला, "मामू, अडचण एकच आहे. सगळे म्हणतात की पुढचे प्लेस्टेशन लवकरच येणार. आज घेतले आणि उद्या नवे आले तर? आणि थांबलो तर किती वर्षे थांबू?"

मला या खेळांतले काही कळत नाही. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडून कॅसेट लावायचा गेम श्रीमंतांच्या घरी असे. पण भाच्याचा प्रश्न मला ओळखीचा वाटला. नवी डिझाइन येणार म्हणून जुने ठाण उचलायचे की नाही, हा प्रश्न आम्ही कापडवाले दर हंगामात सोडवतो. म्हणून मी या धंद्याची माहिती काढली. ती आपल्या सर्व व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या उपयोगाची आहे.

कमाई कशात आहे?

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. या कंपन्या यंत्रावर फार थोडा नफा घेतात, कधी सुरुवातीला तोटाही सोसतात. खरी कमाई त्यावर चालणाऱ्या खेळांची असते. एकदा यंत्र घरात गेले की गिऱ्हाईक पाच-सात वर्षे खेळ विकत घेत राहते. म्हणून नवे यंत्र आणणे म्हणजे त्यांच्यासाठी सगळी उधारी-वसुली नव्याने सुरू करण्यासारखे आहे. जुने गिऱ्हाईक नव्या दुकानात येईल की शेजारच्याकडे जाईल, ते त्याच वर्षी ठरते. इथे भल्याभल्यांचे पाय घसरले आहेत.

घाई आणि लपवाछपवी : सेगा

जपानची सेगा कंपनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या धंद्यात मोठी होती. १९९४ च्या नोव्हेंबरात तिने अमेरिकेत आपल्या जुन्या यंत्रावर बसवायचा एक जोड काढला, थर्टीटू एक्स नावाचा. लोकांनी तो घेतला. सहा महिने होतात न होतात तोच कंपनीने सॅटर्न हे संपूर्ण नवे यंत्र आणले. ज्यांनी जोड घेतला होता त्यांचे पैसे फुकट गेले.

सॅटर्नची अमेरिकेतली तारीख २ सप्टेंबर १९९५ अशी सांगितली होती. पण ११ मे रोजी कंपनीने अचानक जाहीर केले की माल आजच दुकानांत आहे, किंमत ३९९ डॉलर. माल दिला होता मोजक्याच मोठ्या दुकानदारांना. बाकीचे दुकानदार सप्टेंबरच्या तयारीत होते. के-बी टॉइज नावाच्या खेळण्यांच्या मोठ्या साखळीने रागाने सेगाचा मालच ठेवायचे बंद केले. त्याच दिवशी सोनीच्या माणसाने मंचावर जाऊन आपल्या प्लेस्टेशनची किंमत सांगितली, २९९ डॉलर. पुढे सेगाने ड्रीमकास्ट हे चांगले यंत्र काढले, पण विश्वास परत आला नाही. २००१ साली सेगाने यंत्रे बनवणेच सोडले.

यंत्र वाईट नव्हते. कंपनीने दुकानदाराला अंधारात ठेवले आणि कालच्या गिऱ्हाइकाला उघड्यावर टाकले, हे तिचे खरे नुकसान. आपल्या धंद्यात याला पत जाणे म्हणतात.

पडून उठलेली पेढी : निन्टेंडो

निन्टेंडो ही जपानमधल्या क्योटोची १८८९ सालची पेढी. सुरुवात हाताने बनवलेल्या खेळण्याच्या पत्त्यांपासून. तिचे वी नावाचे यंत्र २००६ साली आले आणि दहा कोटींहून अधिक खपले. मग २०१२ साली तिने वी यू आणले. नाव जवळजवळ तेच ठेवले. पुष्कळ लोकांना वाटले की हा जुन्या यंत्राचाच काही जोड आहे. दहा कोटींच्या मागे हे यंत्र सव्वा ते दीड कोटीच्या दरम्यान अडकले. गिऱ्हाइकाला नवे काय ते एका वाक्यात कळले नाही तर तो पाकीट काढत नाही, हे आपल्याला गल्ल्यावर बसून रोज दिसते.

३ मार्च २०१७ रोजी निन्टेंडोने स्विच आणले. घरी टीव्हीला लावा नाहीतर हातात घेऊन फिरा, एवढेच सांगायचे होते. ते पंधरा कोटींहून अधिक खपले. आणखी एक हुशारी पाहा. वी यू पडले तरी त्याचे काही खेळ उत्तम होते. ते कंपनीने नव्या यंत्रासाठी पुन्हा तयार करून विकले. मारिओ कार्ट एट हा खेळ २०१४ साली वी यूवर आला होता. स्विचवर तोच खेळ थोडी भर घालून सहा कोटींहून जास्त गेला. न खपलेल्या साडीच्या चांगल्या काठाचे ड्रेस करून विकावेत, तसा हा प्रकार.

पण सात वर्षांनी स्विच जुने झाले. नवे येणार अशी कुजबुज सुरू झाली. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात १ कोटी ५७ लाख स्विच गेले होते. पुढच्या वर्षी आकडा १ कोटी ८ लाखांवर आला. यात जुनेपणा होता, तशी नव्याची वाट पाहणेही होते. मे २०२४ मध्ये कंपनीचे प्रमुख शुन्तारो फुरुकावा यांनी सांगितले की नव्या यंत्राची घोषणा या आर्थिक वर्षात करू. नोव्हेंबरात सांगितले की जुने खेळ नव्यावर चालतील. जानेवारी २०२५ मध्ये यंत्र दाखवले, २ एप्रिलला तारीख आणि तपशील दिला, ५ जूनला स्विच टू दुकानात आले. पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाखांहून अधिक गेले.

क्रम लक्षात घ्या. जुने खेळ वाया जाणार नाहीत हे कंपनीने सात महिने आधी सांगितले. म्हणजे ज्याने त्या काळात जुने यंत्र किंवा खेळ घेतला त्यालाही फसल्यासारखे वाटले नाही. आणि जुने स्विच एकदम बंदही केले नाही, नव्याच्या शेजारी विकत राहिले.

आपल्याच राज्यातले उदाहरण : चेतक

हे फार लांबचे वाटत असेल तर पुण्याजवळच्या आकुर्डीचे पाहू. बजाज ऑटोची चेतक स्कूटर १९७२ साली आली. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. आमच्या बाजारातले कित्येक लोक ठाणी बांधून चेतकवरच नेत. मग १९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी तंत्राच्या मोटारसायकली आल्या, त्या कमी पेट्रोलमध्ये जास्त धावत. बजाजने कावासाकीशी हात मिळवला आणि २००१ साली पल्सर आणली. मोटारसायकलीत कंपनीचे बस्तान चांगले बसले.

मात्र स्कूटर मागे पडली. चेतक २००५-०६ च्या सुमारास बंद झाली आणि डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने स्कूटरच सोडण्याचे जाहीर केले. निर्णय राजीव बजाज यांचा. वडील राहुल बजाज यांनी त्याचे दुःख उघडपणे बोलून दाखवले. कंपनी मोटारसायकलवर मोठी झाली, हे खरे. पण स्कूटरचे गिऱ्हाईक संपले नव्हते. ते होंडाच्या अ‍ॅक्टिव्हाकडे गेले. जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आले, आधी पुणे आणि बेंगळुरू या दोनच शहरांत, किंमत एक लाखापासून. नाव घरोघरी माहीत होते म्हणून ते पुन्हा चालले. जागा रिकामी सोडली की दुसरा येऊन बसतो, पण चांगल्या नावाची किंमत वर्षांनंतरही मिळते. दोन्ही धडे एकाच स्कूटरमध्ये आहेत.

आता सोनीचा अंदाज

भाच्याचा प्रश्न सोनीच्या यंत्राचा होता. आपण जुन्या तारखा मांडून पाहू. पहिले प्लेस्टेशन १९९४ साली, दुसरे २००० साली, तिसरे २००६ साली आले. चौथे २०१३ साली, पाचवे २०२० साली. म्हणजे अंतर सहा, सहा, सात, सात वर्षे. या हिशेबाने सहावे २०२७ किंवा २०२८ च्या सुमारास यावे. हा माझा तर्क आहे. २०२५ अखेरपर्यंत सोनीने तारीख किंवा किंमत सांगितली नव्हती. तिचे यंत्ररचनाकार मार्क सर्नी एवढेच म्हणाले होते की नवे तंत्र काही वर्षांत येणाऱ्या यंत्रात घालायचे आहे.

दुसरा मुद्दा, नवे आले की जुने मरते का? सोनीची रीत तशी नाही. प्लेस्टेशन टू तिने २०१३ च्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षे बनवले. पाचव्या यंत्रावर चौथ्याचे जवळजवळ सगळे खेळ चालतात. सहाव्यावरही पाचव्याचे चालतील असा माझा अंदाज आहे, कारण एवढे गिऱ्हाईक तोडण्याची चूक आता कोणी करणार नाही.

तिसरा मुद्दा, थांबले तर जुने स्वस्त होईल का? पूर्वी होत असे. या वेळी उलटे झाले. पाचवे प्लेस्टेशन आपल्या देशात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाले. म्हणजे नुसते थांबण्यात नफा आहे, असे धरता येत नाही.

माझी स्वतःची चूक

एक अनुभव सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी रमजानच्या आधी एका गिरणीचा माणूस दुकानात आला. म्हणाला, हे ड्रेस मटेरियल बंद होणार आहे, नंतर मिळणार नाही. मी साठ ठाणे उचलली. ईदच्या तीन आठवडे आधी त्याच गिरणीने त्याच भावात हलके आणि पक्क्या रंगाचे कापड आणले. माझी एकेचाळीस ठाणी गोदामात राहिली, ती पुढची दोन वर्षे मी मुद्दलाखाली विकली. तो माणूस खोटे बोलला नव्हता. माल खरोखर बंद झाला. मी फक्त "बंद होणार" ऐकले, "त्याच्या जागी काय येणार" हे विचारले नाही.

हिशेब असा मांडावा

म्हणून भाच्याला मी कागद घेऊन बसवले. यंत्र, टीव्ही, जादा रिमोट आणि खेळ मिळून एका जागेला सुमारे एक लाख धरले. दिवसाला पाच तास गिऱ्हाईक, तासाला साठ रुपये, म्हणजे तीनशे. त्यातले निम्मे भाडे, वीज आणि दुरुस्तीत जाणार. उरले दीडशे. एक लाखाला दीडशेने भागले तर ६६७ दिवस, म्हणजे बावीस महिने. भाच्याने सुट्या आणि पाऊस धरलेच नव्हते. ते धरले तर दोन वर्षे पूर्ण.

इथे खरा प्रश्न समोर आला. नवे यंत्र कधी येणार हे आपल्या हातात नाही. ते येण्याआधी जुन्याचे मुद्दल सुटते की नाही, हे मात्र आपण मोजू शकतो. मुद्दल सुटले असेल तर नवे उद्या येवो, आपल्याला भीती नाही. सुटले नसेल तर तो धंदा राहत नाही, सट्टा होतो.

बंधूंनो, शिवणाचे मशीन, छपाईचे यंत्र, मोबाईल दुरुस्तीचे सामान किंवा भिवंडीतला माग, काहीही घेताना हे नियम लावून पाहा :

१. वस्तूच्या आयुष्याचा अंदाज बांधा आणि त्याच्या अर्ध्या काळात मुद्दल सुटत असेल तरच घ्या.

२. जुने सुटे भाग, साचे, खेळ नव्यावर चालतील का, हे आधी विचारा. चालत असतील तर जोखीम निम्मी.

३. सगळे भांडवल एका वेळी गुंतवू नका. निम्म्याने सुरू करा. व्याजाच्या हप्त्यावर तर मुळीच नको, कारण यंत्र जुने झाले तरी हप्ता जुना होत नाही.

४. नवा माल येणार हे माहीत असेल तर गिऱ्हाइकाला सांगा. मालातली उणीव झाकू नये ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळाली आहे. "पुढच्या महिन्यात नवे येतेय, हे हवे तर भावात सूट देतो" असे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येते. सेगाने हेच केले नाही.

५. जुना माल नवे दुकानात लागण्याआधी काढा. त्यानंतर भाव गिऱ्हाईक ठरवते.

नव्याचे नऊ दिवस असतात, हे आपण म्हणतो. दुकानदाराने दहाव्या दिवसाचा विचार करायचा असतो.

भाच्याचे काय झाले? दोन दिवस तो रुसला होता. मग बाप-लेकांनी ठरवले की चार नव्हे, दोन जागांनी सुरू करायचे. परवानगी काय लागते याची चौकशी आधी करायची, आणि पैशाची बाजी लागेल असा एकही खेळ दुकानात ठेवायचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे त्याला मी मुद्दाम सांगितले. उरलेल्या पैशांतून मेहुण्यांनी एक ओव्हरलॉक मशीन घेतली. रोज रात्री भाचा दोन्ही जागांचे तास वहीत लिहितो. पहिल्या आठवड्यात पाचाऐवजी साडेतीन तासांचेच गिऱ्हाईक आले. ती वही दर शुक्रवारी टेंभी नाक्यावर आणून दाखवायची, एवढी एकच अट मी घातली आहे.