फांदीची मजुरी आणि लाकडाचा भाव

दिंडोशी म्हटले की आज लोकांच्या डोळ्यांपुढे बसचे आगार येते, कोर्ट येते, उंच इमारती येतात. पण दिंडोशीला डोंगर आहे. पलीकडे आरे वसाहत आहे, राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे. मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खटपट करून उभी केलेली नागरी निवारा वसाहतही याच भागात आहे. घरे झाली तशी आवारात झाडे लागली. गुलमोहर, आसुपालव, नारळ, आंबा, आणि ज्याला सगळे रेन ट्री म्हणतात तो पर्जन्यवृक्ष. झाड वाढले की फांद्या गच्चीवर येतात, तारांना लागतात. मग मृगाच्या आधी छाटणीवाल्याची शोधाशोध सुरू होते.

आमच्या रात्रीच्या वर्गाला दोन भाऊ येत असत. आरेच्या एका पाड्यावरचे. थोरला झाडावर खारीसारखा चढे. धाकटा खाली उभा राहून दोर सांभाळी, लाकूड फोडी, वाळवी आणि जळण म्हणून विकी. सोसायटीवाले बिल मागत आणि यांना बिल लिहिता येईना, म्हणून दोघे वर्गाला आले. पोटासाठी शिकायला आलेला माणूस लवकर शिकतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

एका रात्री थोरल्याने विचारले, "गुरुजी, एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, मजुरी देणार नाही, त्याबदली सगळं लाकूड घेऊन जा. झाड बोडकं केलं तरी चालेल म्हणतात. लाकूडबी जास्त मिळंल. घेऊ का काम?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कारण अशी चूक आम्ही स्वतः केलेली आहे.

आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेच्या आवारात एक मोठा पर्जन्यवृक्ष होता. पावसाळ्यात फांदी पडेल अशी भीती वाटली. एक लाकूडवाला आला. म्हणाला, "पैसे नकोत, लाकूड द्या." आम्हाला वाटले, फुकटात काम झाले! त्याने जाड जाड फांद्या मधूनच छाटल्या आणि झाडाचा नुसता खांब उभा ठेवला. पुढच्या वर्षी त्या ठुटांवर कोवळे धुमारे झुपक्याने फुटले. झाड हिरवे झाले, आम्ही खूश झालो. पण ठुटांमध्ये पाणी मुरत होते आणि लाकूड आतून कुजत होते. धुमारे जाड झाले, पण त्यांची मुळी नुसती सालीला धरून होती. पाचव्या पावसाळ्यात त्यातला एक सायकली ठेवायच्या जागेवर कोसळला. रविवार होता म्हणून पोरे वाचली. त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.

आता झाडाची गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याला जखम झाली तर नवी कातडी येते, जखम भरते. झाडाचे तसे नाही. कुजलेला भाग झाड परत चांगला करू शकत नाही. ते त्या भागाभोवती आतून भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून हे पाहिले. म्हणून काप कोठे घ्यायचा याला फार महत्त्व आहे.

फांदी खोडाला मिळते तेथे गळपट्ट्यासारखा फुगवटा असतो. भिंत घालण्याची ताकद तेथे असते. काप त्याच्या लगत बाहेरून घ्यावा. फुगवटा कापू नये आणि लांब ठूटही ठेवू नये. जाड फांदी असेल तर तीन काप घ्यावेत. पहिला खालून, खोडापासून हातभर अंतरावर, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. फांदी मोडून पडते, पण खालचा काप असल्यामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसऱ्या कापाने उरलेले ठूट काढावे. कापावर डांबर किंवा रंग फासण्याची जुनी चाल आहे. त्याने कुजणे थांबत नाही. काप उघडाच ठेवावा.

कायदाही पाहा. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. 'झाड तोडणे' या शब्दात झाड जाळणे आणि त्याला इजा करणे हेही त्याने धरले आहे. म्हणून छाटणीसाठीसुद्धा पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो. अर्ज सोसायटीने करायचा. आपण परवानगीचा कागद मागायचा, आणि किती व कोणत्या फांद्या लिहिल्या आहेत ते स्वतः वाचायचे. आमच्या वर्गाचा खरा उपयोग येथे आहे. लाकूड गाडीत घालून नेण्याआधी वनखात्याचा वाहतूक पास लागतो का, तेही विचारून घ्यावे. काही जातींना सूट असते.

आणि जीव. वर चढणाऱ्याने कमरेचा पट्टा कापायच्या फांदीला बांधू नये. ऐकायला वेड्यासारखे वाटते, पण घाईत हे होते. साल ओली असताना, वारा सुटला असताना चढू नये. तारा जवळ असतील तर वीज कंपनीला सांगून वीज बंद करून घ्यावी. 'मागच्या साली काही झालं नव्हतं' हे कारण चालणार नाही. झाड कोसळलेच तर मुंबईत १९१६ या नंबरावर पालिकेला कळवता येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या माणसाला ती घेता येते. २०२२ पासून तिचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. थोरल्याने आधी हा फॉर्म भरावा, मग कोयता उचलावा, असे आम्ही त्याला बजावले.

आता लाकूड. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. ओले लाकूड विकणे म्हणजे गिऱ्हाइकाला पाणी विकणे. ते धुरकटते आणि चुलीपुढची बाई डोळे पुसत बसते. लाकूड ओले असतानाच फोडावे, ते सोपे जाते. जमिनीवर दोन ओंडके टाकून त्यावर रचावे. वरून झाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. कण्हेरीचे लाकूड जळणात कधीही घालू नये, तिचा धूरही विषारी असतो.

पण या विक्रीवर फार भरवसा ठेवू नका. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅस गेला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. जळणाचे गिऱ्हाईक कमी होत आहे.

मग त्या रात्री आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. समजा, झाडाला खरोखर लागणारी छाटणी केली तर ४०० किलो ओले लाकूड निघते. वाळून ते २४० किलो राहते. भाव किलोला ८ रुपये धरला.

टेम्पो १,२०० रुपये. दोघा भावांची रोजंदारी १,६०० रुपये. तेल आणि धार ३०० रुपये. चहापाणी २०० रुपये. एकूण खर्च ३,३०० रुपये.

लाकडाचे आले १,९२० रुपये.

"अन् गुरुजी, रोजंदारी कशाला धरली? आम्ही घरचेच की," धाकटा म्हणाला.

"घरचा माणूस फुकट असतो का? तू दुसऱ्याकडे गेला असतास तर रोज घेतला असतास ना?" आम्ही म्हणालो. तो हसला आणि गप्प बसला.

म्हणजे मजुरीवाचून काम घेतले तर १,३८० रुपये अंगावर येतात. ते भरून काढायला सुमारे ६८८ किलो ओले लाकूड पाहिजे. झाडाला लागते त्यापेक्षा २८८ किलो जास्त तोडावे लागेल, तेही पदरात एक पैसा न पडता. आमच्या शाळेचे झाड बोडके का झाले, हे आम्हाला इतक्या वर्षांनी त्या फळ्यावर कळले.

थोरल्याने सेक्रेटरींना निरोप दिला. मजुरी ६,००० रुपये, परवानगीचा कागद आधी, लाकूड आमचे. पहिल्यांदा ते नाही म्हणाले. आठ दिवसांनी त्यांनीच बोलावले. धाकट्याने बिल लिहिले. 'छाटणी' शब्दातला 'छा' दोनदा खोडला होता, पण बेरीज बरोबर होती.

आता तुम्ही पाटी घ्या. मजुरी ६,००० रुपये आणि लाकूडही विकले, तर भावांना किती उरले? आणि जळणाचा भाव ६ रुपयांवर आला, तर किती उरेल? दोन्ही हिशेब मांडून उद्या वर्गात आणा.