हाताने बनवलेल्या पेनासाठी डबी निवडताना : सातवी ते नववीसाठी एक कृतिपाठ



निरोप समारंभ असो, पाहुण्यांचा सत्कार असो, शाळेत पेन भेट द्यायची पद्धत जुनीच आहे. अलीकडे मात्र नेहमीच्या पेनाऐवजी लेथवर कातलेलं लाकडी पेन किंवा हाताने घडवलेलं फाउंटन पेन द्यावं असं अनेकांना वाटतं. काही शाळांत तर कार्यानुभवाच्या तासाला मुलं स्वतः बांबूची पेनं करतात. पेन तयार होतं आणि मग शेवटच्या दिवशी डबी आठवते. कोणीतरी धावत जाऊन दुकानातून मखमल लावलेली चकचकीत डबी आणतं. पेन खाचेत बसत नाही, मग आतली गादी काढून टाकतात, आणि इतक्या कष्टाने केलेलं पेन आत खुळखुळत पाहुण्यांच्या हातात पडतं!

खरं तर डबी निवडणं हा गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांचा छान पाठ आहे. दोन तासिका पुरतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, डबी दुकानात बघून ठरवायची नाही, पेन हातात घेऊन ठरवायची.

सुरुवात मोजण्यापासून करा. बाजारात मिळणाऱ्या डब्या साधारणपणे सडपातळ बॉलपेनाच्या मापाच्या असतात. हाताने केलेलं पेन बऱ्याचदा जाड आणि लांब असतं. मुलांना तीन मापं घ्यायला सांगा : टोपण लावून पेनाची लांबी, सर्वांत जाड ठिकाणचा व्यास, आणि क्लिपसकट जाडी. तिसरं माप मुलं हमखास विसरतात, आणि झाकण बंद होत नाही ते त्या क्लिपमुळेच. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर पेन दोन कंपासपेट्यांच्या मध्ये धरा आणि मधलं अंतर पट्टीने मोजा. तेवढी अचूकता आपल्याला पुरते.

समजा लांबी १४.२ सेमी आली आणि क्लिपसकट जाडी १.९ सेमी. मग आतून १५ सेमी लांब, ४ सेमी रुंद आणि २.५ सेमी उंच अशी डबी चालेल. लांबीत ८ मिलिमीटर जागा सोडली आहे, कारण पेन बाहेर काढायला बोटाचं टोक जायला हवं. उलटी करून आपटावी लागेल अशी डबी काय कामाची?

आता ही डबी कार्डशीटच्या एका ए-फोर कागदातून निघेल का? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि पाच मिनिटं गप्प बसा. खालच्या भागाची घडण काढली तर लांबी १५ + २.५ + २.५ म्हणजे २० सेमी, आणि रुंदी ४ + २.५ + २.५ म्हणजे ९ सेमी. झाकण दोन्ही बाजूंनी ३ मिलिमीटर मोठं आणि २ सेमी उंच घेतलं तर त्याला १९.३ गुणिले ८.३ सेमीचा तुकडा लागतो. ए-फोर कागद २९.७ गुणिले २१ सेमीचा. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले तर ९ + ८.३ म्हणजे १७.३ सेमी रुंदी गेली, १२.४ सेमी रुंदीची पट्टी उरली. त्या पट्टीला घड्या घालून पेन अडकवायची खाच करता येते. एका कागदात सगळं बसलं!

इथेच पृष्ठफळाची एक गंमत करून घ्या. उघड्या डबीचं पृष्ठफळ मुलं काढतील : तळ ६०, लांब बाजू ७५, आखूड बाजू २०, एकूण १५५ चौसेमी. पण कागद लागला २० गुणिले ९, म्हणजे १८० चौसेमी. मग २५ कुठे गेले? मुलं आधी गणित चुकलं म्हणून खोडतात. खोडू द्या. कोपऱ्यातले २.५ सेमी बाजूचे चार चौरस कोणाला तरी दिसतातच. हेच चौरस कापून न टाकता दुमडून चिकटवले की डबीचे कोपरे पक्के होतात.

घनफळाचं सूत्र पाठ असणाऱ्या हुशार मुलांसाठी दुसरा प्रश्न. आपल्या डबीचं घनफळ १५० घसेमी. ६ गुणिले ५ गुणिले ५ मापाच्या डबीचंही तेवढंच. मग तिच्यात पेन मावेल ना? पायथागोरस शिकलेल्या वर्गाने तिचा आतला सर्वांत मोठा कर्ण काढावा. तो ८६ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ९.३ सेमी येतो. चौदा सेमीचं पेन तिरपं घातलं तरी जाणार नाही. घनफळ सारखं म्हणजे उपयोग सारखा, हा गैरसमज दहा उदाहरणं सोडवून जात नाही, तो या एका डबीने जातो.

गणित इथे संपलं. विज्ञानाच्या तासाला खरी मजा आहे, आणि डबी विकत घेणाऱ्या पालकांनी हा भाग जरूर वाचावा. पेन कशाचं आहे त्यावर डबी बदलते.

एबोनाइटचंच घ्या. रबरात भरपूर गंधक मिसळून आणि तापवून हा कडक पदार्थ तयार करतात. आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीची रत्नम पेनं एबोनाइटची असतात. गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेलं हे स्वदेशी काम. १९३५ मध्ये गांधीजींनी या पेनाबद्दल के. व्ही. रत्नम यांना आभाराचं पत्र लिहिलं, तेही आपल्या वर्ध्याहून. असं काळं एबोनाइट बराच काळ उजेडात राहिलं तर तपकिरी पडू लागतं. म्हणजे पेन बाहेरून दिसावं म्हणून आपण हौसेने पारदर्शक खिडकीची डबी घेतो आणि पाहुणे ती काचेच्या कपाटात ठेवतात, ती या पेनाला अगदी चुकीची. इथे पूर्ण झाकणाचीच डबी हवी. शिवाय गंधकामुळे चांदी काळी पडते, हे आपण शिकवतोच. म्हणून एबोनाइटचं पेन आणि चांदीचं नाणं एकाच बंद डबीत देऊ नका. रबरबँड किंवा लोकरीचं कापडही चांदीजवळ नको, त्यांतही गंधक असतं. आत घालायला धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा तुकडा सगळ्यांत उत्तम, आणि फुकट.

लाकडी पेनाचं दुखणं वेगळं. जवसाचं तेल लावलेलं असेल तर ते सावकाश वाळतं. घाईने मखमलीवर ठेवलं की मखमलीचे तंतू पेनाला चिकटतात आणि पेन केसाळ दिसतं. तेलाचा वास जाईपर्यंत पेन उघड्यावर राहू द्या. बांबूचं पेन पावसाळ्यात बंद डबीत ठेवलं, विशेषतः कोकणात, तर बुरशी ठरलेलीच. त्याला पुठ्ठ्याची, थोडी हवा खेळणारी डबी बरी. स्वस्त डब्यांतला फोमही काही वर्षांनी भुसभुशीत होऊन चिकट चुरा होतो. फाउंटन पेन असेल तर शाई काढून, धुऊन, कोरडं करूनच डबीत ठेवा.

किमतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पेनापेक्षा डबी महाग असेल तर ती घेऊ नये. भारी डबीत ठेवलेलं पेन लोक वापरत नाहीत, जपतात. मुलांनी महिनाभर घासून केलेलं पेन शोकेसमध्ये पडून राहिलं तर त्यांना काय वाटेल, याचा विचार आपण मोठ्यांनी करायला हवा.

म्हणून डबीत एक चिठ्ठी हवीच. ती मुलांकडूनच लिहून घ्या, भाषेच्या तासाला सूचनालेखन म्हणून चालते. पेन कोणत्या लाकडाचं, कोणी केलं, टोपण फिरवून काढायचं की ओढून, रिफिल कोणती बसते किंवा शाई कशी भरायची, आणि बिघडलं तर कोणाकडे आणायचं. पाच-सहा ओळी पुरे. चिठ्ठी आधी घरातल्या अशा माणसाला वाचायला द्यायची, ज्याने ते पेन कधी पाहिलेलं नाही. आजीला एका वाचनात रिफिल बदलता आली, की चिठ्ठी डबीत घालायची.