तांब्याचा अंश आणि रबराचे आयुष्य

धान्याच्या व्यापाऱ्याने रबरावर लेखणी चालवावी, हे वाचकांस काहीसे विचित्र वाटेल. परंतु आज आपल्यापैकी अनेकांच्या वखारीत धान्य वर चढविणारा रबरी पट्टा फिरतो, भातगिरणीत साळीचे तूस काढणारे रबरी रोल असतात, आणि त्यांवर होणारा खर्च थोडाथोडका नसतो.

१९९८ च्या उन्हाळ्यात मी सुती कापडाच्या थरांचा असा एक पट्टा आणून वखारीत गुंडाळून ठेवला. शेजारची जागा एका स्नेह्याने सुपारीच्या बागांवरील फवारणीचे मोरचूद ठेवण्यासाठी मागून घेतली होती. पावसाळ्यात छप्पर गळले, पोती भिजली आणि निळे पाणी पट्ट्याच्या कडेखाली साचले. दिवाळीनंतर पट्टा उलगडून पाहतो तो खालच्या कडेचे रबर बोटांस चिकटू लागलेले, थर सुटू लागलेले. वरचा भाग मात्र धडधाकट! मी विक्रेत्यावर भेसळीचा आरोप केला व राहिलेली रक्कम अडवून ठेवली. पुढे रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका गृहस्थांनी तो तुकडा पाहून एवढेच विचारले, "यास तांबे कोठे लागले?"

रबर म्हणजे कर्ब व हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्या. हवेतील प्राणवायू त्यांस हळूहळू चिकटतो व पेरॉक्साइड जातीची अस्थिर द्रव्ये तयार होतात. एरवी ती सावकाश फुटतात. तांबे, मँगॅनीज वा कोबाल्ट यांचे क्षार रबरात शिरले, की हे फुटणे झपाट्याने होते. त्यातून निघालेले चंचल कण नव्या साखळ्यांवर तुटून पडतात. तांबे एका अवस्थेतून दुसरीत जाते व पुन्हा मूळ रूपात येते. स्वतः खर्ची पडत नाही. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तो दलाल आहे. सौदे घडवितो, पण त्याचे भांडवल तसेच राहते. म्हणूनच अत्यल्प अंशही पुरतो. रबराच्या घट्ट केलेल्या चिकाच्या आंतरराष्ट्रीय मानकात तांब्याची मर्यादा घनांशाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅम, म्हणजे क्विंटलमागे पाऊण ग्रॅमच्या आसपास आहे. नैसर्गिक रबराच्या साखळ्या तुटून ते मऊ व चिकट होते. टायरांत वापरले जाणारे स्टायरीनयुक्त कृत्रिम रबर उलट कडक होऊन तडकते.

हे दुखणे जुने आहे. एकोणिसाव्या शतकात रबर चढविलेली जलरोधक वस्त्रे कापडाच्या रंगातील तांब्यामुळे नासत. रबरी वेष्टनाच्या विजेच्या तारांना, आपण पातेल्यास करतो तशी, कथिलाची कल्हई करीत; त्यामुळे तांबे रबरापासून दूर राही आणि रबरातील गंधकापासून तांबेही वाचे. केरळातील रबराच्या मळ्यांत मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात, तेथेही ते चिकात पडू न देण्याची दक्षता घ्यावी लागते.

तथापि तांबे सर्वत्र वैरी आहे, असे नव्हे. टायरातील पोलादी तारांवर पितळेचा पातळ मुलामा मुद्दाम देतात, कारण त्यातील तांबे गंधकाशी संयोग पावून रबरास तारेशी घट्ट जखडते. धोका मुख्यतः रबरात विरघळणाऱ्या क्षारांचा. माझ्या पट्ट्यात उघड्या कडेच्या सुताने निळे पाणी शोषले आणि ते थेट रबराच्या पोटात पोहोचविले.

हे समजल्यावर मी अडविलेली रक्कम व्याजासह विक्रेत्याकडे धाडली. व्याज त्यांनी परत केले.

पट्टा बिघडल्यास कारण ओळखावे ते असे. ताणलेल्या भागावर आडव्या बारीक भेगा असतील, तर दोष बहुधा हवेतील ओझोनचा. रबर फुगले असेल तर तेलाचा. परंतु एखाद्याच जागी ते गुळासारखे चिकट झाले, तर त्या जागेला काय लागले होते, याचा शोध घ्यावा. मोरचूद आता माझ्या वखारीत येत नाही; पट्टा लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवतो.