नाव तेच, तक्ता मात्र सापडेना!

देवनागरी लिपीत लहान अक्षर आणि मोठे अक्षर असा भेद नाही. रोमन लिपीत तो आहे, आणि संगणकीय माहितीसाठ्यावर काम करणाऱ्यांना तो कधी कधी चांगलाच जाचतो. तक्ता साठ्यात असतो, नोंदीही सुरक्षित असतात. तरीही 'असा तक्ता अस्तित्वात नाही' असे उत्तर मिळते. असे का घडते?

माहितीसाठ्याशी व्यवहार करणारी एसक्यूएल ही भाषा आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी १९७४ च्या सुमारास सिद्ध केली. १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. प्रमाण नियमानुसार, अवतरणचिन्हांवाचून लिहिलेले नाव मोठ्या अक्षरांतील मानले जाते. दुहेरी अवतरणचिन्हांतील नाव जसेच्या तसे राखले जाते. ओरॅकल हा नियम पाळते. पोस्टग्रेस मात्र उघडे नाव लहान अक्षरांत बदलून घेते.

समजा, पोस्टग्रेसमध्ये 'खातेदार' हे नाव रोमन लिपीत, पहिले अक्षर मोठे ठेवून व दुहेरी चिन्हांत लिहून तक्ता तयार केला. पुढे दुसऱ्या कर्मचाऱ्याने तेच नाव चिन्हांवाचून लिहिले, तर त्याची सर्व अक्षरे लहान होतात आणि तक्ता सापडत नाही. तो नष्ट झाला असे समजून नवा तक्ता केल्यास एकाच नावाचे भासणारे दोन तक्ते निर्माण होतात. मग खातेदाराची नोंद एका तक्त्यात आणि तिचा शोध दुसऱ्यात, अशी स्थिती होते. नोंद असूनही त्याला 'नाव नाही' असे सांगितले जाते.

एकेरी आणि दुहेरी चिन्हांचे कार्यही भिन्न आहे. एकेरी चिन्हांत मजकूर लिहावयाचा असतो. पोस्टग्रेसमध्ये 'पुणे' हा शब्द दुहेरी चिन्हांत दिल्यास ते जिल्ह्याचे नाव न समजता रकान्याचे नाव समजले जाते.

यावर उपाय सोपा आहे. सर्व नावे लहान अक्षरांत ठेवावीत, दोन शब्द अधोरेषेने जोडावेत, भाषेचे राखीव शब्द टाळावेत आणि नावांना अवतरणचिन्हे लावू नयेत. जुन्या तक्त्यांची नावे बदलावयाची झाल्यास ती वापरणाऱ्या सर्व आज्ञावलीही त्याच वेळी दुरुस्त कराव्यात. आरंभी पाळलेली ही शिस्त पुढील कितीतरी श्रम वाचवील.