आत असलेल्या माणसाची तब्येत आणि आपली मुलाकात

वस्तीतल्या आरोग्य बैठकीत बीपी, साखर, रक्त कमी असणे यावर सगळ्या मोकळेपणी बोलतात. पण घरातला कोणी तुरुंगात असेल तर ती ताई बैठक संपेपर्यंत थांबते आणि मग हळूच विचारते, "सिस्टर, त्याच्या गोळ्या आत कशा पोचवू?" हा प्रश्न बऱ्याच घरांचा आहे, म्हणून या अंकात त्यावरच लिहितो आहोत.

आधी लाज बाजूला ठेवू. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चारपैकी सुमारे तीन माणसे कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांच्यावरचा खटला अजून संपलेला नाही. आणि घरच्यांना भेटणे ही कुणाची मेहेरबानी नाही. कुटुंबाला आणि वकिलाला भेटता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली फ्रान्सिस कोराली मुलीन यांच्या खटल्यात सांगितले आहे.

तुरुंगात डॉक्टर असतो, पण तुमच्या माणसाला लहानपणापासून फिट येते हे त्याला माहीत नसते. ती माहिती घरात, डब्यातल्या जुन्या चिठ्ठीवर असते. ती आत पोचवणे हे घरच्यांचे पहिले काम.

पहिले तीन दिवस

अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. अटकेनंतर सरकारी डॉक्टरकडून तपासणीही व्हायला हवी. म्हणून पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात जाताना औषधांची चिठ्ठी आणि दवाखान्याचे कार्ड सोबत न्या. साखर, बीपी, दमा, फिट, टीबी, एचआयव्ही, मनाच्या आजाराच्या गोळ्या यांपैकी काहीही चालू असेल तर ते वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटला सांगा आणि कागदावर नोंदवायला लावा. फिटच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर एकामागून एक फिट येऊन जीव जाऊ शकतो. टीबी आणि एचआयव्हीच्या गोळ्यांत खंड पडला तर पुढे त्याच गोळ्या लागू पडेनाशा होतात.

दारूचेही लपवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की पहिल्याच दिवशी हात थरथरणे, घाम, उलटी सुरू होते. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमात बडबडू लागतो. याला लोक नाटक म्हणतात. हा आजार आहे आणि त्यावर दवाखान्यात उपचार आहेत.

गोळ्या आणि कागद

गेटवर गोळ्यांची पाकिटे बहुधा घेत नाहीत. ती तुरुंगाच्या डॉक्टरमार्फतच द्यावी लागतात. कारागृह अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी यांच्या नावे साधा अर्ज लिहा: बंद्याचे नाव, आजार, चालू औषधे, कधीपासून घेतो. सोबत चिठ्ठीची झेरॉक्स जोडा. मूळ कागद देऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. उपचार झाले नाहीत तर हीच पोच वकील कोर्टात दाखवतो. आजारी माणसाच्या जामिनाचा विचार करताना कोर्टालाही हे कागद लागतात.

मुलाकातीत काय पाहाल?

वेळ थोडा असतो आणि काचेपलीकडून, गोंगाटात बोलायचे असते. त्यातला निम्मा वेळ रडण्यात आणि केसच्या गोष्टींत जातो. म्हणून घरूनच चार प्रश्न ठरवून जा: झोप लागते का? जेवण जाते का? गोळ्या रोज मिळतात का? अंगावर खाज किंवा फोड आहेत का?

डोळ्यांनीही पाहा. वजन उतरले आहे का, अंगावर मार दिसतो का, खोकतो आहे का. बराकीत दाटीने राहिल्यामुळे टीबी लवकर पसरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असेल तर थुंकी तपासण्यासाठी अर्ज द्या. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

"आता माझी वाट पाहू नका", "तुम्हाला माझा भारच" असे तो बोलू लागला, किंवा मुलाकातीला यायलाच नको म्हणाला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. जिवाचे काही करावेसे वाटते का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याच दिवशी अधीक्षकांना तोंडी आणि लेखी कळवा.

जातीवरून साफसफाईचे काम दिले जाते असे सांगितले तर तेही लिहून घ्या. तुरुंगात जातीप्रमाणे काम वाटणे घटनाबाह्य आहे, असा निकाल सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला आहे.

जाता येत नसेल तर

रोजंदारी बुडवून, गाडीभाडे घालून दर वेळी जाणे जमत नाही. सरकारी ई-प्रिझन्स पोर्टलवर ई-मुलाकातीची नोंद करून मोबाइलवरून व्हिडिओ भेट घेता येते. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी यात आयाबायांना मदत करावी. पत्रही लिहा. ते तपासले जाते, म्हणून केसचे काही त्यात नको. मुलीला किती मार्क मिळाले, छताचे पत्रे बदलले, एवढे पुरे. बराकीत ते पत्र दहा वेळा वाचले जाते.

बाई आत असेल तर तिच्याकडे माणसे कमी फिरकतात, हे आम्ही पाहत आलो आहोत. बहिणींनो, तिला टाकू नका. ती गरोदर असेल तर तपासणीचे कार्ड पोचवा. सहा वर्षांखालचे मूल आईजवळ तुरुंगात राहू शकते. त्याच्या लसींचे कार्डही द्या.

वकील नाही?

दलालाला पैसे देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. कोठडीतल्या माणसाला, स्त्रीला आणि अनुसूचित जातीतल्या व्यक्तीला तो हक्क आहे. हेल्पलाइन १५१००. पहिलीच केस असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली सुटकेबद्दल वकिलाला विचारा. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून जास्त केस चालू असतील तर, हे लागू नाही.

घरात राहिलेल्यांचे

आत गेलेल्याच्या काळजीत घरातली बाई स्वतःच्या बीपीच्या गोळ्या सोडते. असे करू नका. झोप उडाली, छातीत धडधड होऊ लागली तर टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे. लेकरांना "बाबा गावाला गेलेत" सांगू नका. शाळेत कुणीतरी खरे सांगतेच, आणि मग लेकरू तुमच्यावरही विश्वास ठेवत नाही. त्याच्या वयाला पेलेल एवढे खरे सांगा, आणि यात त्याची चूक नाही हेही सांगा.

माणूस सुटून येईल त्या दिवशी उपचाराचे कागद आणि उरलेल्या गोळ्या मागून घ्या. आठवड्याच्या आत त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. आत टीबी झाला असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करा.

आजच करून ठेवा: घरातल्या प्रत्येकाच्या चालू औषधांची चिठ्ठी, आधारची झेरॉक्स आणि हे दोन फोन नंबर एका पिशवीत ठेवा. ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.