दोन पडद्यांचा संगणक : ग्राफिक कार्ड घ्यावे की नको?



विकास सेवा संस्थांचे सचिव, दूध संस्थांतील मंडळी आणि सभासदांची शिकलेली मुले गट कार्यालयात आली की एक प्रश्न वरचेवर विचारतात : "साहेब, एका संगणकाला दोन पडदे जोडायचेत, स्वस्तातलं ग्राफिक कार्ड कोणतं घ्यावं?" ऊस विकास विभागाने हे कशाला सांगायचे, असे कुणी म्हणेल. पण उसाची नोंद आता संगणकावर होते, आणि नोंद चुकली की पुढचे सगळेच चुकते. म्हणून हा विषय आमचाही आहे.

आपल्या भागाला संगणक नवा नाही. वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांसाठी १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला होता. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. कागद पडद्यावर आला, आता तो नीट वाचता आला पाहिजे.

दोन पडदे कशासाठी?

एका पडद्यावर सातबारा, दुसऱ्यावर नोंदीचा तक्ता. एकच पडदा असला की एक खिडकी झाकायची, दुसरी उघडायची आणि मधल्या वेळात आकडा ध्यानात धरायचा. गट नंबर ३१४ चा ३४१ व्हायला कितीसा वेळ लागतो? हेक्टरी ०.४० च्या जागी ०.०४ पडले, तर एकरभर उसाची नोंद चार गुंठ्यांवर येते. मग तोडणीच्या वेळी धावपळ सभासदाची. दोन्ही कागद शेजारी-शेजारी दिसले, तर असली चूक जागच्या जागी सापडते.

आधी मागची बाजू बघा

माती परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस ठरवत नाही, तसेच इथे आहे. संगणकाच्या मागे पडद्याची वायर लावायच्या जागा किती आहेत, ते मोजावे. व्हीजीए, एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट यांपैकी दोन जागा मूळ बोर्डावरच असतील, तर बहुतेक संगणकांत दोन पडदे कार्डाशिवाय चालतात. सातबारा, हिशेब, पत्रव्यवहार एवढ्या कामाला प्रोसेसरमधील अंगचे ग्राफिक पुरेसे आहे. नुसती वायर आणून काम होत असेल, तर संस्थेचे पैसे कशाला घालवायचे?

मात्र प्रोसेसरचे नाव वाचावे. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, तर त्यात ग्राफिक नसते. रायझनच्या ५००० मालिकेपर्यंत टेबलावरच्या संगणकात नावाच्या शेवटी 'जी' नसेल, तरी तेच. अशा ठिकाणी, किंवा जागा एकच असेल तेव्हा, कार्डाचा विचार करावा.

कार्ड घेताना

विहिरीला पाणी पाच एचपीचे आणि मोटर पंधराची, असा प्रकार करू नये. खेळासाठी बनवलेले भारी कार्ड कार्यालयात बसवून अक्षर जास्त ठळक दिसत नाही. वीज व उष्णता मात्र वाढते. चार गोष्टी पाहाव्यात :

१. वीज : कार्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. वेगळी वीजवायर न लागणारेच कार्ड घ्यावे. जीटी ७१० ला सुमारे १९ आणि जीटी १०३० ला सुमारे ३० वॅट लागतात.

२. उंची : डबा अरुंद असेल, तर कमी उंचीचे कार्ड आणि त्याची आखूड पट्टी मागून घ्यावी. पूर्ण उंचीचे कार्ड त्यात बसत नाही.

३. वय : जीटी ७१० स्वस्त दिसते, पण त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०२४ मध्येच थांबल्या. जीटी १०३० हे २०१७ चे कार्ड असून त्याला सुरक्षा-दुरुस्त्या २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. दोन पडद्यांच्या साध्या कामाला ते पुरते.

४. जोडणी : जीटी १०३० वर सहसा व्हीजीए नसते. जुना पडदा लावायचा तर कन्व्हर्टर लागतो, तो त्याच खरेदीत घ्यावा.

एका जागेतून दोन फाटे काढणारी साधी वायर घेऊ नये. तिने दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते.

बसवल्यावर

वीज बंद करून, वायर काढूनच डबा उघडावा. कार्ड बसल्यावर दोन्ही पडदे कार्डालाच जोडावेत, कारण पुष्कळ संगणकांत कार्ड बसताच बोर्डावरची जागा बंद होते. मग विंडोजची कळ दाबून 'पी' दाबावे आणि 'एक्स्टेंड' निवडावे. 'डुप्लिकेट' राहिले, तर दुसरा पडदा नुसता आरसा होतो. मग "कार्ड खराब आलं" म्हणून लोक दुकानात परत जातात.

एक शेवटचे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, त्यात नवे कार्ड घालण्यापेक्षा तो पैसा नव्या संगणकासाठी राखावा. खोडवा किती वर्षे ठेवायचा, हे आपणा शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

शंका असल्यास गट कार्यालयात यावे. येताना संगणकाच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलवर काढून आणावा आणि प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहून आणावे. अर्धे उत्तर तिथेच मिळते.

— ऊस विकास अधिकारी